उत्तरेचे प्रस्थान

आपल्याकडे पूर्वी दूरच्या प्रवासाला निघावयाचे असले आणि पंचांगातील मुहूर्त व घरची अडचण यांचा मेळ बसेना, म्हणजे प्रस्थान ठेवण्याचा रिवाज होता. तांदूळ, सुपारी, हळकुंड, एखादे वस्त्र अशा मोजक्या जिनसांचे गाठोडे मुहूर्ताच्या घटकेला, जावयाच्या दिशेने, शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवावयाचे. मग गृहस्थ स्वतः दोन दिवसांनी निघाला तरी तो त्या घटकेलाच निघाला असे सर्वांनी समजावयाचे. या रिवाजाची भोळी समजूत म्हणून वासलात लावणे सोपे आहे. परंतु आपल्या मालकीचे थोडेसे काही उंबरठ्याबाहेर ठेवून, बाकीच्यावाचून आपले काही दिवस चालेल अशी कबुली मनुष्य ज्या क्षणी देतो त्या क्षणी त्याचा प्रवास सुरू झाला, हा त्यातील विचार मला फार गंभीर वाटतो. आमच्या बुटीबोरीतील कारखान्यांत पाळ्या करणारे तरुण हल्ली वर्षाची रजा साठवून, पाठीला सॅक बांधून, हिमालयातील उंच वाटा तुडविण्यास निघतात. त्यांच्या तयारीची लगबग पाहिली की हा विचार मनात येतो, आणि त्याच्या पाठोपाठ एक प्रश्नही येतो, जो या मुलांना त्यांच्या घरची वडीलधारी माणसे अगदी सरळ शब्दांत विचारतात: देव जर सर्वत्र भरून राहिला आहे, तर त्याच्यासाठी इतक्या उंचावर कशाला जावयाचे? कित्येक मुले उत्तर देतात की आम्ही देवासाठी जात नाही, डोंगरासाठी जातो. मला तो भेद फारसा टिकणारा वाटत नाही. ज्याच्यासाठी मनुष्य सुखाची झोप, भरपूर अन्न आणि बराचसा प्राणवायू सोडावयास तयार होतो, त्याला तो कोणत्याही नावाने हाक मारो, त्याच्याशी त्याचे नाते श्रद्धेचेच असते.

बुटीबोरी हे गिर्यारोहकांचे गाव नव्हे. नागपूरच्या दक्षिणेस सुमारे 30 किलोमीटरांवर, समुद्रसपाटीपासून जेमतेम 300 मीटर उंचीच्या सपाट जमिनीवर ते वसले आहे, आणि मे महिन्यात या मुलखात पारा 45 अंशांच्या वर जातो तेव्हा बर्फाची कल्पनाही येथे परकी वाटते. तरीही या गावावरून जाणारा 44 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग एका टोकाला कन्याकुमारीस व दुसऱ्या टोकाला श्रीनगरास पोहोचतो, आणि येथेच त्याला वर्ध्याकडे जाणारा फाटा फुटतो. येथून नागपूर व दिल्ली करीत तरुण हरिद्वारला उतरतात तेव्हा हजाराहून अधिक किलोमीटर मागे पडलेले असतात; आणि इतके सारे अंतर कापून आल्यावरही हरिद्वारची उंची 314 मीटर, म्हणजे नागपूरच्या उंचीहून तिच्यात नाव घेण्याजोगा फरक नाही! एवढा देश ओलांडून मनुष्य होता त्याच पातळीवर असतो. चढ म्हणून जो आहे तो पुढेच आहे, आणि तो कोणत्याही वाहनाने केला तरी अखेरीस शरीरालाच फेडावा लागतो.

याच महामार्गावर बुटीबोरीच्या दक्षिणेस हिंगणघाट आहे, आणि तेथे विल्यम लॅम्बटन या इंग्रज सर्वेक्षकाची कबर आहे. 1802 साली मद्रासच्या किनाऱ्याजवळ त्याने हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय मोजणीचा पाया घातला. अर्ध्या टनाच्या घरातले वजन असलेले कोनमापक यंत्र माणसांच्या खांद्यांवरून वाहत ती मोजणी वर्षानुवर्षे उत्तरेकडे सरकत राहिली, आणि हैदराबादहून नागपूरकडे येत असता 1823 च्या जानेवारीत हिंगणघाटच्या मुक्कामी त्याचा देह पडला. जॉर्ज एव्हरेस्टने ती साखळी पुढे हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली, आणि 1856 साली जगातील सर्वोच्च शिखराची उंची 29,002 फूट म्हणून सरकारी दफ्तरात दाखल झाली. त्या आकड्याकडे मी वेगळ्या दृष्टीने पाहतो. ती उंची शिखराच्या पायथ्यापासून धरलेली नाही, समुद्रापासून धरलेली आहे. म्हणजे ज्या सपाट भूमीवर आम्ही उभे आहोत तिचे 300 मीटरही त्या शिखराच्या जमेच्या बाजूस धरलेले आहेत. जो हिमालयाला उंच म्हणतो, तो नकळत मैदानाचाही उल्लेख करीत असतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. उंची ही देवाच्या अधिक जवळची जागा आहे काय? ज्यांनी हिमालयातील धामांची व्यवस्था लावून दिली त्यांचे मत तसे दिसत नाही. बदरीनाथचा मुख्य पुजारी, ज्याला रावळ म्हणतात, तो केरळातील नंबुद्री ब्राह्मण असतो. केदारनाथचा रावळ कर्नाटकातील वीरशैवांपैकी असतो. म्हणजे भारताच्या उत्तरेकडील देवांची सेवा दक्षिणेच्या उष्ण प्रदेशातील माणसांकडे सोपविलेली आहे. डोंगरात जन्मल्याने कोणी देवाच्या अधिक निकट होतो असे मानले असते तर हा बंदोबस्त असा झाला नसता. त्याहून बोलकी गोष्ट ही की देव स्वतः तेथे बारा महिने राहत नाही. भाऊबीजेच्या दिवशी केदारनाथचे दरवाजे बंद होतात, आणि केदाराची उत्सवमूर्ती डोलीत बसून उखीमठाला उतरते. हिवाळाभर तिची पूजा तेथील ओंकारेश्वराच्या देवळात होते. 3,583 मीटर उंचीवर बर्फ पडू लागले म्हणजे जो देव स्वतः खाली येतो, त्याला भेटावयास वर गेलेच पाहिजे असा आग्रह धरणे हे त्याच्याच वर्तनाशी जुळत नाही. मला तर या रिवाजात एक अत्यंत करुणामय तत्त्व दिसते: उंचीला ऋतू आहे, मर्यादा आहे, आणि खाली उतरणे हे देवालाही कमीपणाचे नाही.

आमच्या विदर्भाने या प्रश्नाला दोन वेगवेगळी उत्तरे दिलेली आहेत, आणि दोन्ही उत्तरे चालत्या माणसांनी दिलेली आहेत. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी गुजरातेतून या प्रांती आले. ऋद्धिपुरास त्यांना श्रीगोविंदप्रभूंची भेट झाली आणि पुढे सातपुड्याच्या कडेला सालबर्डीच्या डोंगरात त्यांनी बारा वर्षे एकांतात काढली, असे महानुभाव परंपरा सांगते. नंतरचे त्यांचे आयुष्य अटनात गेले. अखेरीस त्यांनी उत्तरापंथे, म्हणजे हिमालयाच्या दिशेने, प्रयाण केले अशी पंथीयांची श्रद्धा आहे. परंतु आपल्या अनुयायांना मात्र त्यांनी महाराष्ट्रातच राहण्याची आज्ञा केली होती. गुरू उत्तरेस गेले आणि शिष्यांनी त्यांच्या मागोमाग डोंगराची वाट धरली नाही. ते ऋद्धिपुरास आले, येथल्याच गावांतून भिक्षा मागत राहिले, आणि म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केले. स्वामी शिष्यांना घेऊन उत्तरेस गेले असते तर मराठी भाषेतला तो पहिला थोर गद्यग्रंथ आज आपल्या हाती असता की नाही, कोण जाणे.

दुसरे उत्तर बुटीबोरीहून फुटणाऱ्या वर्ध्याच्या फाट्यावर, धाम नदीच्या काठी विनोबांच्या पवनारला आहे. 1916 साली विनोबा परीक्षेसाठी मुंबईस जाण्याकरिता घरून निघाले आणि वाटेत सुरतेला उतरून काशीच्या गाडीत बसले, तेव्हा त्यांच्या मनाला एका बाजूने हिमालयाची शांती ओढीत होती आणि दुसऱ्या बाजूने बंगालची क्रांती. ते हिमालयात पोहोचले नाहीत. काशीत असताना गांधीजींशी त्यांचा पत्रव्यवहार झाला, ते कोचरबच्या आश्रमात आले, आणि शांती व क्रांती या दोन्ही गोष्टी आपल्याला एकाच माणसाच्या ठायी मिळाल्या असे ते पुढे सांगत. 1951 पासून पुढे तेरा वर्षे हा मनुष्य गावोगाव पायी हिंडला. हिमालयासाठी केलेले प्रस्थान त्यांनी मोडले असे कोणी म्हणेल. मला वाटते की ते त्यांनी फक्त वळविले, आणि त्या प्रस्थानात जे सोडून दिले होते ते पुन्हा कधी उचलले नाही.

तेव्हा उंचावर गेल्यावाचून गती नाही असे म्हणता येत नाही. मग जाणाऱ्यांना अडवावे काय? माझे मत तसे नाही. काका कालेलकरांसारखा बहुश्रुत महाराष्ट्रीय 1912 साली पायी हिमालय हिंडला, आणि त्या प्रवासाने त्यांची दृष्टी जन्मभरासाठी घडविली. उंच वाटेत एक असे शिक्षण आहे की जे सपाटीवर क्वचित मिळते. आपल्या शास्त्रांनी ज्याला अधिकार म्हटले आहे तो तेथे प्रत्यक्ष देहात अनुभवावा लागतो. ब्रह्मजिज्ञासेपूर्वी विवेक, वैराग्य, शमदमादी संपत्ती आणि मुमुक्षा ही तयारी हवी असे वेदान्ती सांगतात, आणि आपण ते वाचून पुढे जातो, कारण तयारीवाचून पुढे गेल्यास काय होते हे तत्काळ दिसत नाही. डोंगरात ते एका रात्रीत दिसते.

याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. हवेतील प्राणवायूचा हिस्सा बुटीबोरीस जेवढा तेवढाच, शेकडा 21, हिमशिखरावरही असतो. कमी होतो तो हवेचा दाब, आणि म्हणून प्रत्येक श्वासात हाती येणारा प्राणवायू. सुमारे 5,500 मीटरांवर तो समुद्रकाठच्या निम्म्यावर येतो. देह याला तोंड देतो, परंतु आपल्या गतीने: प्रथम श्वास जलद व खोल होतो, त्यामुळे रक्ताचा बिघडलेला तोल सावरण्याचे काम मूत्रपिंडे काही दिवस करीत राहतात, आणि तांबड्या पेशींची वाढ तर आठवड्यांच्या हिशेबाने होते. म्हणून जाणत्यांनी असा दंडक घातला आहे की 3,000 मीटरांच्या वर गेल्यावर आजच्या मुक्कामाहून उद्याचा मुक्काम 300 ते 500 मीटरांहून अधिक उंच नसावा, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस चढ न करता विसावा घ्यावा. हा दंडक मोडला म्हणजे डोके दुखते, मळमळते, झोप येत नाही. आणि तरीही हट्टाने वर गेले तर फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साचून मृत्यू ओढवू शकतो. या विकारावरील मुख्य उपाय एकच आहे, आणि तो म्हणजे खाली उतरणे.

यातील सर्वांत विचार करण्याजोगी बाब अशी की बळकटपणाची येथे मातब्बरी नाही. तालमीत कसलेला, रोज पाच मैल धावणारा तरुण या विकारापासून मुक्त असतो असे नव्हे. उलट आपल्या ताकदीच्या भरवशावर तो भराभर चढतो आणि सावकाश चालणाऱ्या प्रौढाच्या आधी आजारी पडतो. इतर ठिकाणी ज्याला आपण सामर्थ्य म्हणतो ते येथे उताविळपणाचे साधन ठरते, आणि ज्याला मंदपणा म्हणून हिणवितो तेच येथे शहाणपण असते. पैशाचीही तीच गत आहे. आज फाटा किंवा सिरसी या गावांहून हेलिकॉप्टरने काही मिनिटांत केदारनाथला उतरता येते. परंतु त्या मिनिटांत मूत्रपिंडे, श्वास आणि रक्त यांचे काम उरकून घेण्याचा परवाना कोणतीही कंपनी विकू शकत नाही. ज्या समाजात दर्शनाच्या रांगेतही पैसे भरून पुढे जाता येते, त्या समाजाला आपल्या पायरीने, आपल्या दिवसांनी आणि इतरांच्या इतक्याच धीराने वर यावे लागणारी एखादी जागा शिल्लक असणे, हे मी धर्मदृष्ट्या फार मोलाचे मानतो.

टप्प्याटप्प्याने वर जाण्याची ही रीत आपल्या परंपरेला अपरिचित होती असेही नाही. नागपूरच्या ईशान्येस रामटेकची टेकडी आहे. कालिदासाचा रामगिरी तो हाच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. त्या रामगिरीवरून शापित यक्ष मेघाला कैलासाकडे धाडतो, म्हणजे मेघदूत हे एका अर्थी आमच्या जिल्ह्यातून हिमालयास जाण्याचेच काव्य आहे. आणि निरोप सांगण्याची एवढी घाई असूनही यक्ष मेघाला काय सांगतो? थकशील तेव्हा वाटेतल्या शिखरांवर पाय टेक, क्षीण होशील तेव्हा ओढ्यांचे हलके पाणी पी, आणि मग पुढे जा. जो विरहाने झुरतो आहे तोही आपल्या दूताला मुक्काम गाळण्यास सांगत नाही. पुढे तो आणखी एक गोष्ट सुचवितो: रेवेचे पाणी पिऊन भारदस्त हो, म्हणजे वारा तुला भिरकावून देणार नाही, कारण रिकामे असते ते हलके ठरते, आणि पूर्णतेनेच गौरव येतो.

हे दुसरे सांगणे मला अडवते. कारण अंगावरचे ओझे कमी करणे हाच तर प्रस्थानाचा गाभा आहे असे मी समजत होतो, आणि डोंगरवाटांचे जाणकारही शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक भार पाठीवर घेऊ नये असे बजावतात. सॅक भरताना तरुण मंडळी जो तपशीलवार हिशेब करतात, दोन सदरे की तीन, पुस्तक न्यावे की ठेवावे, तो अपरिग्रहाचा धडा आहे यात शंका नाही. घरातल्या कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या वस्तूला ‘तुझी मला गरज आहे काय’ असा प्रश्न आपण कधी विचारीत नाही, परंतु जी वस्तू स्वतःच्या पाठीवर वाहावयाची आहे तिला तो विचारावाच लागतो. मात्र तीच वस्तू दुसऱ्याच्या पाठीवर टाकली की प्रश्न पुन्हा बंद पडतो. केदारनाथच्या वाटेवर पिठ्ठूच्या, म्हणजे हमालाच्या, पाठीवरील कंडीत, डोलीत आणि खेचरांच्या पाठीवर जे चढते ते पाहिले म्हणजे यात्रेकरूंच्या हलकेपणाची किंमत कोण देतो ते कळते. त्या चढावर ओझ्याखाली खेचरे कोसळून मरतात. मजुरी देऊन भार वाहून घेणे हे पाप आहे असे मी म्हणणार नाही. वृद्धांना आणि अपंगांना दुसरा मार्ग नाही, आणि डोंगरातल्या कित्येक घरांची चूल त्यावरच पेटते. पण दुसऱ्याच्या पाठीवरचे ओझेही आपल्याच खात्यावर लिहिलेले आहे, याचा विसर पडलेल्या मनुष्याने काहीही सोडलेले नाही.

तर मग काय सोडावयाचे आणि काय सोडावयाचे नाही? महाभारताच्या महाप्रास्थानिक पर्वात हाच विचार शेवटपर्यंत नेलेला आहे. पाचही पांडव आणि द्रौपदी राज्य, अलंकार, वस्त्रे टाकून वल्कले नेसून महाप्रस्थानास निघतात, आणि त्यांच्यामागून एक कुत्रे चालू लागते. हिमालय ओलांडल्यावर प्रथम द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि भीम. युधिष्ठिर मागे वळून पाहत नाही. वाचकाला हे फार कठोर वाटते, मलाही ते दीर्घकाळ कठोर वाटत आले आहे. परंतु इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्र्याला टाकून स्वर्गात चल म्हणतो, तेव्हा हाच युधिष्ठिर स्वर्ग नाकारतो. भावांना सोडलेस आणि या कुत्र्यासाठी अडून बसतोस, असा आक्षेप इंद्र घेतो. त्यावर त्याने दिलेल्या उत्तराचा आशय असा की, ते मृत झाले होते, त्यांना पुन्हा उठविणे माझ्या हाती नव्हते, म्हणून मी त्यांना सोडले. जिवंत असताना सोडले नाही. जो जिवंत आहे, भ्याला आहे, माझ्या आश्रयाने इथवर आला आहे, त्याला टाकणे मला शक्य नाही.

येथे कालिदासाच्या त्या भारदस्त मेघाचाही उलगडा होतो. वस्तूंचा भार मनुष्याला खाली खेचतो, आणि आश्रिताचा भार त्याला वाऱ्यावर उडू देत नाही. युधिष्ठिराजवळ अखेरीस पहिल्या प्रकारचे काहीच उरले नव्हते आणि दुसरे पूर्ण शाबूत होते. घर, आईबाप, कर्ज, नोकरी यांना कंटाळून जो तरुण डोंगराकडे पाहतो त्याला मी एवढेच सांगेन की कपाट रिकामे करून जा, पण म्हाताऱ्या आईला मुक्कामांची यादी आणि परतण्याची तारीख लिहून दिल्यावाचून जाऊ नकोस. बेपत्ता होण्याच्या इच्छेला वैराग्य समजण्याची चूक आपल्याकडे फार पूर्वीपासून होत आली आहे.

राहता राहिला परत फिरण्याचा प्रश्न. आणि तो निघण्यापूर्वीच सोडवून ठेवावा लागतो, कारण विरळ हवेत विचारही विरळ होतो. अर्जुनाने गीतेच्या सहाव्या अध्यायात ही शंका काढलेली आहे: जो श्रद्धेने निघाला पण वाटेतच ढळला, तो दोन्हीकडून तुटून फाटलेल्या ढगाप्रमाणे नाहीसा होत नाही काय? भगवंतांनी त्याला आश्वासन दिले की कल्याणाच्या वाटेने जाणाऱ्याची दुर्गती होत नाही, आणि जेथवर तो आला होता तेथून पुढे त्याची वाट पुन्हा सुरू होते. गंगोत्रीहून गोमुखाची वाट सुमारे 18 किलोमीटरांची आहे आणि भोजबासाचा मुक्काम त्यातील 14 किलोमीटर चालल्यावर येतो. समजा, त्या मुक्कामी रात्री एका सोबत्याचे डोके असह्य दुखू लागले, पाऊल नीट पडेना, आणि दुसऱ्याने पहाटे गोमुखाकडे न जाता त्याची सॅक आपल्या सॅकवर चढविली व त्याला हाताशी धरून गंगोत्रीकडे उतरावयास सुरुवात केली. त्याचे प्रस्थान फसले असे माझ्याने म्हणवणार नाही. काशीयात्रा करून आलेल्यासाठी आपल्याकडे मावंदे घालतात. तो बुटीबोरीस परतला म्हणजे त्याच्या घरच्यांनी तसेच मावंदे घालावे, गंगापूजन करावे, शेजाऱ्यापाजाऱ्यांना जेवावयास बोलवावे, आणि उतरून आलेल्या त्या सोबत्याला पहिल्या पंक्तीला बसवावे.